बख्तियारी खानांची राखण : १९०५चा करार आणि तेलाची वाट

नैऋत्य इराणातल्या मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं २६ मे १९०८ला. खोदकामाच्या सुरक्षेचं भांडण मात्र त्याच्या अडीच वर्षं आधीचं आहे, आणि पुढची बहुतेक भांडणं त्यातूनच फुटली.

तेल शोधण्याचा १९०१चा मक्ता विल्यम नॉक्स डार्सी या ब्रिटिश उद्योजकाला तेहरानच्या शाहने दिलेला होता. मुदत ६० वर्षं, निव्वळ नफ्यातला १६ टक्के वाटा इराण सरकारला. पण पश्चिम सीमेवरचं खोदकाम फसल्यावर मक्त्यावर काम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीची माणसं झाग्रोस डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याकडे वळली, तेव्हा तिथे शाहच्या कागदाला फारशी किंमत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तो बख्तियारी या भटक्या पशुपालक जमातीचा गरमसीर, म्हणजे हिवाळी चराईचा मुलूख. उन्हाळ्यात त्यांचे सरदार, म्हणजे खान, डोंगर ओलांडून चहार महालकडे जात. इलखानी (जमातीचा प्रमुख) आणि इलबेगी (त्याचा दुय्यम) ही पदं तेहरानच्या मान्यतेने मिळत असली, तरी मुलखात शब्द चाले तो खानांचाच. शिवाय परदेशी माणसांशी व्यवहार कसा करायचा हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. अहवाझ ते इस्फहान हा खेचरांचा रस्ता आणि त्यावरचे पूल एका ब्रिटिश कंपनीच्या कर्जातून उभे राहिले होते, आणि त्यावरची जकात खानच गोळा करत.

नोव्हेंबर १९०५मध्ये इस्फहानच्या ब्रिटिश कॉन्सल जनरलच्या मध्यस्थीने कंपनी आणि खान यांच्यात करार झाला. तेल निघालं तर बख्तियारी मुलखात काम करणाऱ्या कंपन्यांचे ३ टक्के समभाग खानांना, आणि कामाच्या जागेवर गार्ड पुरवण्याबद्दल वर्षाला २,००० पौंड.

‘गार्ड’ या शब्दाने पुढे जो गोंधळ घातला तो थोडा सविस्तर पाहायला हवा. कंपनीच्या लेखी ही नोकरी होती : इतके बंदूकधारी, इतका पगार, चोरी झाली तर जबाबदार तुम्ही. खानांच्या लेखी ती राखण होती, आपल्या मुलखात राहू दिल्याचा मोबदला. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. चौथाई भरणाऱ्याला संरक्षण कोणापासून मिळायचं, हे भरणाऱ्यालाही माहीत असे आणि घेणाऱ्यालाही. पैसे खानांच्या हाती पडत, त्यातले पहारेकऱ्यापर्यंत किती पोचत हा वेगळाच विषय. पहाऱ्यावरचा माणूस उपाशी राहिला की खोदकामाच्या तळावर येऊन हुज्जत घाली. कंपनीच्या कागदांत याला ‘गार्डचा उपद्रव’ म्हटलं आहे. माझ्या मते उपद्रव कराराच्या भाषेतच होता.

तेहरानने हा करार मानायला नकार दिला. त्यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने भक्कम होता. मक्त्याच्या चौदाव्या कलमानुसार कामाच्या आणि माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी सरकारची होती. सरकारने आवश्यक ते उपाय केले, तर कंपनीला नुकसानभरपाई मागता येणार नाही असंही त्यातच लिहिलेलं. मग सरकारच्या प्रजेशी परस्पर संरक्षणाचा सौदा करणारी कंपनी कोण? यावर ब्रिटिशांचं उत्तर होतं की सरकारला तिथे संरक्षण देता येत नाही. तेही खरंच होतं. पण प्रत्येक हप्त्यागणिक तेहरानची त्या मुलखातली उरलीसुरली पत आणखी घसरत होती, हे ते सांगत नसत.

१९०७ संपता संपता हिंदुस्थान सरकारने बंगाल लान्सर्सचे सुमारे वीस स्वार अहवाझला धाडले. नाव कॉन्सलच्या पहाऱ्याचं, काम तेलाच्या तळावर नजर ठेवण्याचं. त्याच वर्षीच्या ब्रिटन-रशिया तहात हा भाग ब्रिटिश प्रभावक्षेत्रात नव्हताच, तटस्थ पट्ट्यात होता. त्यामुळे उघड फौज पाठवणं अडचणीचं, कॉन्सलचा पहारा वाढवणं सोपं. लंडनपेक्षा या निर्णयांवर हिंदुस्थान सरकारची छाप जास्त दिसते. पर्शियन आखातातली बुशेहरची रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या ब्रिटिश राजकीय प्रतिनिधीची कचेरी, १८७३पर्यंत मुंबई सरकारच्याच हाताखाली होती, तिथून ती हिंदुस्थान सरकारकडे गेली.

१९०९मध्ये चित्र पालटलं. जुलैमध्ये बख्तियारी खान शाहच्या सत्तेला राज्यघटनेची मर्यादा हवी असणाऱ्या घटनावाद्यांच्या बाजूने तेहरानवर चालून गेले आणि पुढे मंत्रिमंडळात बसले. ज्या सरकारने त्यांचा करार नाकारला, त्या सरकारात आता तेच होते. त्याच महिन्यात मोहम्मराच्या (आजचं खोर्रमशहर) अरब शेखाकडून तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी आबादान बेटावरची एक चौरस मैल जागा वर्षाला ६५० पौंड भाड्याने घेतली गेली, दहा वर्षांचं भाडं आगाऊ देऊन. शेखाला ब्रिटिश सरकारकडून संरक्षणाची आश्वासनंही मिळाली. आणखी एक राखणदार, आणखी एक करार, तोही तेहरानला वगळून.

१९१४मध्ये ब्रिटिश सरकारच कंपनीचं बहुमताचं भागीदार झालं. ऑक्टोबरात मुंबई बंदरातून पर्शियन आखाताकडे निघालेली पहिली ब्रिगेड सहाव्या पूना डिव्हिजनची होती आणि तिच्यात ११७ मराठा ही पलटणही होती. या स्वारीच्या उद्दिष्टांत आबादानचं रक्षण होतं. पण डोंगरापासून बेटापर्यंतची लांबलचक पाइपलाइन फौजेने राखता येण्याजोगी नव्हती. फेब्रुवारी १९१५मध्ये जर्मन आणि तुर्की हस्तकांच्या चिथावणीने अहवाझजवळच्या जमातींनी ती तोडली आणि तेल काही महिने थांबलं. राखणीचे पैसे भरलेले होते.

आता कंपनीने चौदावं कलम बाहेर काढलं. ज्या सरकारला दहा वर्षं राखणीच्या बोलण्यांतून बाहेर ठेवलं, त्याच्याकडेच नुकसानभरपाई मागितली आणि मक्त्यापोटी त्याला द्यायची रक्कम अडवून धरली. सरकारचं म्हणणं, युद्धात परकी फौजा आमच्या भूमीवर लढल्या, त्याचा दोष आमचा कसा? डिसेंबर १९२०मध्ये कंपनीने १० लाख पौंड देऊन मागचे हिशेब मिटवले.

पुढचं वेगाने घडलं. १९२४-२५मध्ये तेहरानची फौज खुझेस्तानात उतरली तेव्हा ब्रिटिशांनी शेखाला दिलेली आश्वासनं बाजूला सारली. शेख पकडला गेला आणि तेहरानला नजरकैदेत ठेवला गेला. १९३३मध्ये तेहरानशी नवा मक्ता झाला. खानांची सत्ता याच दशकात मोडली आणि त्यांचे तेलाचे समभागही हातचे गेले.