चार नाण्यांचं पान : टॅरो, सुरक्षितता आणि बदल

नागपुरात टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी ओळखले जाणारे चित्रांचे पत्ते मांडले की माझ्या पाहण्यात एक प्रश्न हमखास येतो : इथली पर्मनंट नोकरी धरून ठेवायची, की पुण्याला, बंगळूरला जाऊन नव्याने सुरुवात करायची? या प्रश्नाला भिडणारी चित्रं पत्त्यांत आहेत. ती प्राचीन इजिप्तमधून आली असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. आणि खरा इतिहास ठाऊक असला तर हे पत्ते जास्त प्रामाणिकपणे वापरता येतात, असं मला मनापासून वाटतं.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, तो खेळ म्हणून. साधे पत्ते त्याआधीच मामलुकांच्या, म्हणजे मध्ययुगात इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या सुलतानांच्या, मुलखातून युरोपात पोचले होते. इटलीत त्यांना जास्तीची चित्रं जोडली गेली. आपल्या भाषेत हुकमाची पानं. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेली पानं आजही संग्रहालयांत आहेत. तेव्हा त्यांवर डाव खेळत. १७८१ मध्ये पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या विद्वानांनी इजिप्तचा दावा छापला, पुरावा काहीच न देता. पुढच्या काही वर्षांतच इतेला या टोपणनावाच्या गृहस्थाने खास भविष्य सांगण्यासाठी संच काढला. बाकीचा गूढपणा एकोणिसाव्या शतकात चढला.

आपला विषय मात्र सुरू होतो १९०९ मध्ये, लंडनला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून अठ्ठ्याहत्तर पानं काढून घेतली. त्याआधी बहुतेक संचांत चार नाण्यांच्या पानावर फक्त चार नाणी असत. स्मिथने तिथे माणूस बसवला. डोक्यावर मुकुट, मुकुटावर एक नाणं, एक छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेलं, दोन पायांखाली दाबलेली. मागे सगळं शहर. नाणी सांभाळायची तर त्याला उठता येणार नाही. आठ पेल्यांच्या पानावर याच्या उलट : रचलेले पेले मागे ठेवून हातात काठी घेतलेला माणूस डोंगराकडे निघालाय. सुरक्षितता आणि बदल यांवर आज जे बोललं जातं, त्यातलं कितीतरी या बाईंच्या रेषांतून आलेलं आहे. ‘मोठं काम, पैसे फार थोडे,’ अशा अर्थाचं त्यांनी स्वतः एका पत्रात लिहिलंय. संचाला नाव मिळालं प्रकाशक रायडर आणि वेट यांचं. हे मला फार लागतं.

पुढे टॅरोवर लिहिणाऱ्या मेरी ग्रीअर यांच्या १९८४ च्या पुस्तकाने पत्ते स्वतःच स्वतःसाठी वाचून वहीत टिपणं करण्याची पद्धत रुजवली. यात भविष्य नाही. चित्र समोर ठेवायचं आणि मनात काय उमटतं ते लिहायचं.

नागपूर हे १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती जिथे स्थापन झाली ते शहर. ‘पत्ते सांगतात’ म्हटलं की इथे ‘कशावरून?’ विचारलं जाणार, आणि विचारलंच पाहिजे. पत्ते काही सांगत नाहीत. १३ क्रमांकाचं मृत्यूचं पान निघालं म्हणून कुणाला घाबरवून पैसे उकळणं तर सरळ फसवणूक आहे.

चार नाण्यांचं पान लोभी माणसाचं म्हणून वाचायची रीत आहे. नागपुरात ते इतक्या घाईने वाचू नये. १९५६ मध्ये या शहराचं राजधानीपण गेलं. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल, जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली, तीही शेवटी बंद पडली. अशा घरातली आई ‘सरकारी नोकरी सोडू नको रे बाबा’ म्हणते, तेव्हा त्यात लोभ नसतो, पाहिलेलं असतं. म्हणून त्या पानापुढे बसणाऱ्याला मी आधी एवढंच लिहायला सांगते : यातलं कुठलं नाणं माझं, आणि कुठलं आईबाबांच्या भीतीचं?