फुप्फुसाच्या नमुन्यासोबत भुलीच्या औषधाची नोंद का मागतो?

दुखापत झालेल्या फुप्फुसाच्या स्लाइड आमच्याकडून करून घेणाऱ्या अनेक संशोधकांना आमच्या अर्जातील एक रकाना अनावश्यक वाटतो. प्राण्याला भूल किंवा गुंगी कोणत्या औषधाने, किती मात्रेत आणि केव्हा दिली, हे त्यात लिहायचे असते. हा रकाना भरल्याशिवाय आम्ही नमुना स्वीकारत नाही, त्याचे कारण असे.

रॅटच्या श्वासनलिकेत लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे ई. कोलायसारख्या जिवाणूच्या बाह्य आवरणातील घटक, सोडला की काही तासांतच वायुकोशांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी शिरतात, केशवाहिन्यांतून प्रथिनयुक्त द्रव पाझरतो आणि वायुकोशांच्या भिंती जाड दिसू लागतात. अशा प्राण्यांना डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध दिल्यावर टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-6 हे दाहकारक घटक घटल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. प्रोपोफॉल आणि केटामिन या भुलीच्या औषधांबाबतही तसे निष्कर्ष आहेत. गुंगीचे औषध दाहावरही परिणाम करते, हे त्यावरून दिसते.

खरी अडचण तुलनेच्या गटात आहे. श्वासनलिकेत द्रव सोडण्यापूर्वी पुष्कळदा केटामिन आणि झायलॅझिन यांच्या मिश्रणाने भूल देतात, आणि झायलॅझिन हे डेक्समेडेटोमिडीनप्रमाणेच पेशींवरील अल्फा-2 ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करते. त्यामुळे ज्या गटाला आपण ‘औषध न दिलेला’ म्हणतो, त्यालाही त्याच जातीचे औषध मिळालेले असते आणि दोन गटांतील फरक पुसट होऊ शकतो. प्रोपोफॉल सोयाबीन तेलाच्या पायसातून (इमल्शनमधून) दिले जाते. तुलनेच्या गटाला नुसते सलाइन दिले असेल, तर दिसलेला परिणाम औषधाचा की तेलाचा, हे उत्तम स्लाइडवरूनही सांगता येत नाही. त्या गटाला औषधाविना तेच पायस द्यावे, असा आमचा आग्रह आहे. गुंगीत शरीराचे तापमान उतरते आणि थंड शरीरात दाह मंदावतो, म्हणून तापमानाची नोंदही जोडावी.

पेशी मोजण्यासाठी सलाइनने धुतलेला फुप्फुसाचा खंड स्लाइडसाठी पाठवू नये, कारण धुताना वायुकोशांतील पेशीच निघून जातात.

या निष्कर्षांवरून रुग्णांबाबत अनुमान काढताना फार जपावे लागते. कृत्रिम श्वसनावरील सुमारे 4,000 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पाइस-3’ चाचणीत डेक्समेडेटोमिडीन आणि नेहमीची गुंगीची औषधे या दोन्ही गटांत 90 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 29.1 टक्केच होते.

आपण दिलेली नोंद स्लाइड पाहून दुखापतीला गुण देणाऱ्या तज्ज्ञांना दाखवली जात नाही; गुणांकन पूर्ण झाल्यावरच ती अहवालाला जोडली जाते.