‘आहे’ इंग्रजीत कसं सांगायचं?
आमच्या इंग्रजी वर्गाला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

अमुक ठिकाणी अमुक आहे, नाही, होतं, असेल. दिवसभरात आपण हे किती वेळा बोलतो ते मोजायला गेलं तर मोजता येणार नाही. म्हणूनच हा धडा आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि अगदी वरच्या वर्गापर्यंत पुन्हा पुन्हा येतो. दर पायरीवर त्यातलं नेमकं काय शिकायचं आणि मराठी बोलणाऱ्यांचं नेमकं कुठे चुकतं, ते इथे दिलं आहे. घरी फ्रिजवर लावून ठेवा.

मराठीतला ‘आहे’ एकटा चार कामं करतो. ‘नळाला पाणी आहे.’ ‘बादली मोरीत आहे.’ ‘मला दोन बहिणी आहेत.’ ‘पाणी गढूळ आहे.’ इंग्रजीत पहिल्याला देअर इज लागतं, दुसऱ्याला आणि चौथ्याला नुसतं इज, तिसऱ्याला हॅव. चुका होतात त्या नियम पाठ नसल्यामुळे नव्हे. आपण यातला कोणता ‘आहे’ बोलतोय, हे न पाहता घाईने भाषांतर केल्यामुळे होतात.

आधी आपलं मराठी वाक्य ऐका

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा, कुठल्याही शब्दावर खास जोर न देता:

स्टेशनबाहेर बँक आहे.
बँक स्टेशनबाहेर आहे.

पहिलं वाक्य तुम्ही कुणाला सांगाल? तिथे बँक आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला. दुसरं कुणाला? जो त्या बँकेबद्दलच बोलतोय आणि ती कुठे आहे हे विचारतोय, त्याला. जागा आधी आणि वस्तू ‘आहे’ला चिकटून आली, की ती वस्तू ऐकणाऱ्याला नवी असते. वस्तू आधी आली, की ती ओळखीची असते. हा फरक तुमच्या कानाला लहानपणापासून कळतो. इंग्रजीत तो फक्त वेगळ्या कपड्यांत येतो:

देअर इज अ बँक आउटसाइड द स्टेशन.
द बँक इज आउटसाइड द स्टेशन.

नव्या वस्तूसाठी देअर इज, आणि पुढे अ, सम, मेनी किंवा एखादी संख्या. ओळखीच्या वस्तूसाठी द, माय, दॅट, आणि ती वस्तू थेट वाक्याच्या सुरुवातीला. ही एक गोष्ट पक्की झाली की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातात. त्यामुळे सुरुवातीचे चार तास आम्ही फक्त यावर देतो आणि पुढे जायची घाई करत नाही.

इथे तीन चुका होतात. ‘देअर इज द बँक आउटसाइड द स्टेशन’ यात नवी आणि ओळखीची अशी दोन्ही चिन्हं एकत्र आली, म्हणून ऐकणारा अडखळतो. ‘अ बँक इज आउटसाइड द स्टेशन’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. तिसरी चूक मुंबईत सर्रास ऐकू येते: ‘बँक इज देअर आउटसाइड स्टेशन.’ हा मराठीचा क्रम आहे, शेवटी देअर जोडलेला. आपसात हे चालून जातं. पण फोनवर परदेशातला माणूस असेल तर तो ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’ असा घेतो आणि ‘तिथे म्हणजे कुठे?’ असं विचारतो. ऑफिसात ‘सर इज नॉट देअर’ म्हणण्याची सवय असेल तर त्याऐवजी ‘ही इजन्ट इन’ म्हणा.

उच्चारातही फरक आहे. ‘देअर इज अ स्विच देअर’ या वाक्यात दोन देअर आहेत. पहिला हलका, ‘इज’मध्ये मिसळलेला, जवळजवळ ‘देअर्ज’. दुसरा ठसठशीत, कारण त्याचा अर्थ ‘तिथे’. पहिल्यावर जोर दिलात तर वाक्याचा अर्थ बोट दाखवल्यासारखा होतो.

पायऱ्या

युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकण्याची सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, ए-१ पासून सी-२ पर्यंत. आमचे वर्ग तिच्यावर बेतलेले आहेत.

ए-१. एक असेल तर इज, अनेक असतील तर आर. न मोजता येणाऱ्या गोष्टींना नेहमी इज. इथे यादी पाठच करावी लागते, कारण इंग्रजीत न मोजण्याच्या काही गोष्टी आपल्याला मोजण्यासारख्या वाटतात: फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, न्यूज, ॲडव्हाइस, ट्रॅफिक. ‘देअर आर मेनी लगेजेस’ नव्हे, ‘देअर इज अ लॉट ऑफ लगेज’. यादी सांगताना क्रियापद पहिल्या वस्तूकडे बघतं: ‘देअर इज अ बेड अँड टू चेअर्स’, पण ‘देअर आर टू चेअर्स अँड अ बेड’. इंग्रज लोक बोलताना ‘देअर्ज टू चेअर्स’ म्हणतात हे खरं आहे. तुम्ही ते ऐका, लिहू नका.

नकारात नो किंवा नॉट एनी, दोन्हींतलं एकच घ्यायचं. ‘देअर इज नो वॉटर’ बरोबर, ‘देअर इजन्ट एनी वॉटर’ही बरोबर. ‘देअर इज नो एनी वॉटर’ मात्र चूक. प्रश्नात इज पुढे येतं: ‘इज देअर अ सीट?’ त्याचं उत्तर ‘येस, देअर इज’ असं पूर्ण द्यायचं. ‘येस, देअर्ज’ असं आखूड उत्तर इंग्रजीत होत नाही.

हॅव ओळखायला मराठीच मदत करते. ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’ असं काही असेल तर हॅव. माझ्याकडे सुटे नाहीत: ‘आय डोन्ट हॅव एनी चेंज’. मला ताप आहे: ‘आय हॅव अ फीवर’. वस्तूला ‘ला’ लागला तरी तसंच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, तिचंच उदाहरण घ्या. ‘गाडीला १४ डबे होते’ म्हणजे ‘द ट्रेन हॅड फोर्टीन कॅरेजेस’. ‘गाडीत सुमारे ४०० पाहुणे होते’ म्हणजे ‘देअर वर अबाउट फोर हंड्रेड गेस्ट्स ऑन द ट्रेन’. ‘ला’ असेल तिथे हॅव, ‘त’ किंवा ‘वर’ असेल तिथे देअर. वर ‘नळाला पाणी’ होतं तिथे ‘ला’ असूनही देअर आलं, कारण त्या ‘नळाला’चा अर्थ ‘नळात’ असा आहे. पाणी नळाचा भाग नाही. डबे मात्र गाडीचेच आहेत. शंका आली की हे विचारा: ही वस्तू तिचा भाग आहे का, किंवा तिची आहे का?

हवामान, वेळ आणि अंतर यांना इट लागतं. पाऊस पडतोय: ‘इट्स रेनिंग’. उद्या सुट्टी आहे: ‘इट्स अ हॉलिडे टुमॉरो’. यावर फार वेळ घालवायला नको.

ए-२. भूतकाळ. मराठीत ‘होतं’ आणि ‘असायचं’ असे दोन प्रकार आहेत, इंग्रजीतही दोन आहेत. मुंबईत १८७४ पासून १९६४ पर्यंत ट्राम चालत होती. काळाची हद्द सांगायची असेल तर ‘देअर वर ट्राम्स इन मुंबई फ्रॉम १८७४ टू १९६४’. एके काळी असायच्या, आता नाहीत, एवढंच सांगायचं असेल तर ‘देअर यूज्ड टु बी ट्राम्स इन मुंबई’. किती वर्षं ते सांगितलं की यूज्ड टु चालत नाही, म्हणून ‘देअर यूज्ड टु बी ट्राम्स फॉर नाइन्टी इयर्स’ चूक.

याहून मोठी गडबड ‘असतं’ची. ‘आज लोकलला गर्दी आहे’ आणि ‘सकाळच्या लोकलला गर्दी असते’ हा भेद मराठीत क्रियापदच करतं. इंग्रजीत दोन्हीकडे इज. त्यामुळे ‘असते’ची भर ऑल्वेज, यूज्वली अशा शब्दांनी घालावी लागते: ‘देअर इज ऑल्वेज अ क्राउड ऑन द मॉर्निंग लोकल’. अनेकजण ‘असते’साठी यूज्ड टु बी वापरतात. त्याचा अर्थ नेमका उलटा होतो, म्हणजे पूर्वी गर्दी असायची, आता नाही. सकाळी आठ वाजता दादरला उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा!

बी-१. इथे ‘असेल’ येतं, आणि ते जपून हाताळायला हवं, कारण मराठीत त्याला दोन अर्थ आहेत. ‘घरी कोणीतरी असेल’ हे उद्याबद्दलही असू शकतं आणि आत्ताचा अंदाजही असू शकतो. उद्याबद्दल असेल तर ‘देअर विल बी समवन ॲट होम’. आत्ताचा अंदाज असेल तर स्वतःला विचारा, पुरावा आहे का? खिडकीत लाइट दिसतोय, म्हणजे पुरावा आहे: ‘देअर मस्ट बी समवन ॲट होम’. नुसती शक्यता असेल तर ‘देअर माइट बी’. उलट अंदाज, म्हणजे दाराला कुलूप आहे, घरात कोणी नसणार: ‘देअर कान्ट बी एनीवन ॲट होम’. इथे ‘मस्टन्ट बी’ म्हटलं तर मनाई केल्यासारखं ऐकू येतं. ‘असायला हवं’ला देअर शुड बी.

याच पायरीवर दोन क्रियापदांची टक्कर होते. खाली एक माणूस थांबलाय: ‘देअर इज अ मॅन इज वेटिंग’ असं ऐकू येतं. इज एकदा आलं, पुन्हा नको: ‘देअर इज अ मॅन वेटिंग डाउनस्टेअर्स’. दुसरं पूर्ण क्रियापद हवंच असेल तर मध्ये हू घाला: ‘देअर इज अ मॅन डाउनस्टेअर्स हू वॉन्ट्स टु सी यू’. आणि ‘अपघात झालाय’ याचं ‘ॲक्सिडेंट इज हॅपन्ड’ होत नाही. ‘देअर हॅज बीन ॲन ॲक्सिडेंट.’

बी-२. आता देअर आणि बी यांच्यामध्ये इतर शब्द शिरतात. देअर सीम्स टु बी अ प्रॉब्लेम, देअर इज लाइकली टु बी अ डिले. अनेकवचनात सीम्सचा ‘स’ जातो: ‘देअर सीम टु बी सम प्रॉब्लेम्स’. मराठीतल्या काही ठरीव बोलण्यांना तयार जोड्याही आहेत. जाण्यात अर्थ नाही: ‘देअर इज नो पॉइंट इन गोइंग’. काय होईल सांगता येत नाही: ‘देअर इज नो टेलिंग व्हॉट विल हॅपन’. या जोड्या शब्दशः तोडून समजत नाहीत, अख्ख्या पाठ कराव्यात.

वर सांगितलेल्या ‘द’च्या नियमाला इथे एक अपवाद भेटतो. गाडी बंद पडली, कसं जायचं? ‘अरे, बस आहेच की.’ बस ओळखीची आहे, तरीही इंग्रजीत ‘वेल, देअर इज ऑल्वेज द बस’. ऐकणाऱ्याच्या लक्षात नसलेली वस्तू आपण त्याच्यापुढे आणून ठेवतो, त्या क्षणी ती नव्यासारखीच असते. आपला ‘आहेच की’ हेच काम करतो.

सी-१. लिहिण्याची पायरी. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त घ्या: ‘गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब करण्यात आली.’ बरेच सेक्रेटरी लिहितात, ‘देअर वॉज नो कोरम, द मीटिंग वॉज ॲडजर्न्ड.’ दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली, ही चूक. एक तर ‘सो’ घाला, किंवा ‘देअर बीइंग नो कोरम, द मीटिंग वॉज ॲडजर्न्ड’. ही रचना कागदावर शोभते. बोलताना ‘बिकॉज देअर वॉज नो कोरम’ पुरे. गैरसमज राहू नये म्हणून: ‘आय डोन्ट वॉन्ट देअर टु बी एनी मिसअंडरस्टँडिंग’. पार्किंगचा प्रश्न उरतोच: ‘देअर रिमेन्स द क्वेश्चन ऑफ पार्किंग’.

शब्दकोशात ‘अस्तित्व’ बघून ‘एक्झिस्ट’ उचलू नका. ‘अ बँक एक्झिस्ट्स निअर द स्टेशन’ ऐकताना बँकेच्या असण्यावरच वाद चाललाय असं वाटतं. कायदा, पुरावा, मतभेद यांच्यासाठी एक्झिस्ट ठीक.

या पायरीवर देअर काढायलाही शिकायचं. ‘देअर आर मेनी मेंबर्स हू हॅव नॉट पेड’ यातले देअर आर आणि हू खोडा: ‘मेनी मेंबर्स हॅव नॉट पेड’. तीन शब्द वाचले आणि वाक्य सरळ झालं. मेल पाठवण्यापूर्वी तो एकदा फक्त देअरसाठी वाचा, आणि जो नवी वस्तू आणत नाही तो खोडा.

घरचा सराव

रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज. एका खोलीत उभे राहा आणि जे दिसतं त्याची पाच वाक्यं मराठीत म्हणा, जागा आधी ठेवून. मग तीच पाच इंग्रजीत, देअर लावून. त्यानंतर त्यातल्या प्रत्येक वस्तूबद्दल दुसरं वाक्य, आता ‘द’ने सुरू करून: ‘देअर इज अ कॅलेंडर ऑन द वॉल. द कॅलेंडर इज ओल्ड.’ ही जोडी महत्त्वाची आहे, कारण पहिल्या वाक्यातली नवी वस्तू दुसऱ्या वाक्यात ओळखीची कशी होते ते तोंडाला कळतं. नुसती देअरची वाक्यं घोकली तर पुढे सगळीकडे देअर लावायची खोड लागते आणि ती मोडायला जास्त वेळ जातो.

पहिल्या तासाला येताना एक वही आणा. घरी, गाडीत, दुकानात कानावर पडलेली ‘आहे, नाही, होतं, असतं, असेल’ यांची दहा मराठी वाक्यं त्यात जशीच्या तशी उतरवा. प्रत्येकाखाली एक ओळ रिकामी सोडा.