तीनशे मीटरवरच्या कुत्र्याला कोणती शिट्टी ऐकू जाते?

माणसाला ऐकू न येणाऱ्या 'सायलेंट' शिट्ट्या ऑनलाइन दुकानांत सर्रास विकल्या जातात. त्यावरून एक समज पक्का झाला आहे: कुत्र्याला आपल्यापेक्षा चढे सूर ऐकू येतात, तेव्हा शिट्टी जितकी चढ्या सुराची तितकी ती त्याला लांबून ऐकू जाणार. यातलं पहिलं खरं, दुसरं साफ चूक.

चूक कुठे आहे ते ब्रिटन-अमेरिकेतल्या शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांत नीट कळतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकारच बंद झाली. तिकडे मात्र पाडलेलं बदक शोधून आणणारे लॅब्राडॉर अजून रीतसर शिकवले जातात. पक्षी कुठे पडला हे अनेकदा कुत्र्याने पाहिलेलंच नसतं. मालक त्याला सरळ रेषेत धाडतो आणि तो भरकटला की एक लांब शिट्टी देतो. कुत्रा जागीच बसतो, मागे वळून बघतो. मग हाताची खूण: डावीकडे, उजवीकडे किंवा आणखी पुढे. लागोपाठ आखूड शिट्ट्या म्हणजे परत ये. पहिली लांब शिट्टीच ऐकू गेली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

शिट्टी एक मीटरवर ११० डेसिबल भरते असं धरू. अंतर दुप्पट झालं की ध्वनी पसरल्यामुळे ६ डेसिबल घटतात, म्हणून ३०० मीटरवर सुमारे ६० उरतात. हा हिशेब सगळ्या सुरांना सारखाच लागू. खरा भेद त्यानंतर हवा करते.

ध्वनिलहर म्हणजे हवेचं दाबलं जाणं आणि सुटणं. दाबल्या क्षणी रेणूंचा वेग वाढतो आणि त्यांच्या टकरींतून थोडी ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूच्या आतल्या कंपनात जाते. ही उसनवारी आहे. उसने वेळेत परत आले तर लहरीचं काही बिघडत नाही. पण ऑक्सिजन सावकाश फेडतो. परतफेड होईपर्यंत दाब ओसरलेला असेल, तर ती ऊर्जा लहरीच्या कामी येत नाही, नुसती उष्णता होते. लहरीची गती आणि फेडीची गती जुळली की एकेका कंपनामागे होणारा हा तोटा सर्वांत जास्त.

फेड लवकर करून घेते पाण्याची वाफ. तिच्या रेणूशी टक्कर झाली की ऑक्सिजनचं कंपन चटकन उतरतं. १५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर फेडीची गती सेकंदाला ४० हजारांच्या पुढे जाते, शिट्टीच्या सुरापासून पार दूर. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की ती सहा-सात हजारांवर उतरते, म्हणजे शिट्टीच्या जवळच. ४००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांचा सूर दमट हवेत किलोमीटरला सुमारे २४ डेसिबल गमावतो, कोरड्या हवेत जवळपास ८९. आपल्या ६० डेसिबलपैकी ३०० मीटरवर दमट हवेत ५३ उरतात, कोरड्या हवेत ३३. २००० हर्ट्झचा सूर त्याच कोरड्या हवेत फक्त आठ-नऊ डेसिबल देऊन सुटतो. ओल्या हवेत आवाज दबतो हा समजही इथेच गळून पडतो.

मात्र टक्केवारीने फसू नये, वाफेचे रेणू किती हे महत्त्वाचं. १५ अंशांना ८० टक्के आर्द्रतेत जितकी वाफ, जवळपास तितकीच विदर्भातल्या मे महिन्यात ४० अंशांना २० टक्क्यांत असते. खरी वाईट ती थंड आणि कोरडी हवा.

आता २० हजार हर्ट्झची 'सायलेंट' शिट्टी घ्या. एरवीच्या हवेत ती मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल गमावते, म्हणजे ३०० मीटरला दीडशे. कुत्र्याचा कान ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो हे मान्य, पण त्याच्यापर्यंत काही पोचायला तर हवं! १८७६मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने अशी शिट्टी बनवली ती श्रवणाची वरची मर्यादा मोजायला. छडीत बसवून तो ती प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांजवळ नेई. जवळच्या प्रयोगाला ती उत्तमच.

म्हणून लांबच्या कामाला दोन ते चार हजार हर्ट्झची, जोरकस शिट्टी. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची शिट्टी जवळपास हुंगत फिरणाऱ्या स्पॅनियलसाठी वापरतात, किंचित खालच्या सुराची २११.५ लॅब्राडॉरसाठी. वारा आणि पाणी असेल तर आत गोळी असलेली घ्यावी. गोळी गरगर फिरून भोक झाकते-उघडते, आवाज थरथरतो आणि सपाट गोंगाटातून वेगळा निघतो. लाळेने किंवा थंडीत गोळी अडकते ही तिची खोड. कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी याच वैतागातून १९८७मध्ये बिनगोळीची 'फॉक्स ४०' बाजारात आणली. तिच्या तीन पोकळ्यांचे सूर थोडे वेगळे असतात आणि एकमेकांत मिसळून तशीच थरथर देतात.

वाऱ्याविरुद्ध मात्र कोणतीच शिट्टी पुरत नाही. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा असल्याने समोरून येणाऱ्या वाऱ्यात ध्वनी वर वळतो, कुत्र्याच्या डोक्यावरून जातो. तापलेल्या दुपारीही तेच. रात्री जमीन निवली की तो खाली वळून दूरवर पोचतो. आपलं कुत्रं रात्री उगाच रडतं म्हणून त्याला यमदूत दिसला असं सांगणाऱ्यांनी पलीकडच्या गावातली कुत्री काय करताहेत ते आधी विचारावं.

सराव करणाऱ्याने वारा कुत्र्याकडे वाहत असेल अशा जागी उभं राहावं, आणि एकाच क्रमांकाच्या दोन शिट्ट्या गळ्यात ठेवाव्यात, म्हणजे एक हरवली तरी सूर बदलत नाही. पायाशी बसलेल्या कुत्र्याच्या कानाजवळ ती पूर्ण जोराने कधीही फुंकू नये. तिथे ११० डेसिबल पुरेच्या पुरे असतात.