मायकेल सेरा

मायकेल ऑस्टिन सेरा (जन्म : ७ जून १९८८, ब्रॅम्प्टन, ऑन्टॅरिओ) हा कॅनेडियन विनोदी अभिनेता. दूरचित्रवाणी, चित्रपट, अ‍ॅनिमेशनपटांतले आवाज आणि रंगभूमी अशा सगळ्या ठिकाणी त्याने काम केले असले, तरी त्याचे नाव झाले ते वयाच्या १५ ते २२ या सात वर्षांत. मनात खूप आणि ओठांवर थोडे असलेला, बोलता बोलता चाचरणारा संकोची मुलगा त्याने या काळात पडद्यावर आणला आणि त्या मुलाला हसे होण्यापासून वाचवले. प्रेक्षक हसतात, पण त्याची बाजू कधी सोडत नाहीत. ही साधना कुठे आणि कशी झाली, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

ब्रॅम्प्टन हे टोरोंटोच्या वायव्येला लागून असलेले शहर. आज तिथले निम्म्याहून अधिक रहिवासी दक्षिण आशियाई मुळांचे आहेत. भारतीय प्रेक्षकांच्या परिचयाचा रसेल पीटर्स हा अँग्लो-इंडियन घरातला विनोदवीरही इथेच वाढला. सेराचे वडील मूळचे सिसिलीचे, आई क्विबेकची. दोघेही झेरॉक्स कंपनीत नोकरीला. दोन बहिणींमध्ये हा मधला. घरात नाटक-सिनेमाचा वारसा नव्हता.

अभिनयाची ओढ लागली ती आजारपणात. तीन वर्षांचा असताना त्याला कांजिण्या आल्या आणि घरी पडल्या पडल्या त्याने १९८४ चा ‘घोस्टबस्टर्स’ पुन्हा पुन्हा पाहिला. एवढ्या लहान वयात त्यातले संवाद त्याला पाठ झाले. त्या चित्रपटातले बिल मरी, डॅन अ‍ॅक्रॉइड आणि हॅरल्ड रॅमिस हे तिघेही ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेतून पुढे आलेले होते आणि पुढे सेराचे नावही त्याच संस्थेच्या टोरोंटोतल्या वर्गात घातले गेले.

सेकंड सिटी १९५९ मध्ये शिकागोत सुरू झाली आणि १९७३ मध्ये तिने टोरोंटोत शाखा काढली. जॉन कँडी, यूजीन लेव्ही, कॅथरिन ओहारा, मार्टिन शॉर्ट ही कॅनेडियन विनोदातली मोठी नावे याच शाखेची. तिथे शिकवतात ती संहितेवाचून, ऐन वेळी प्रवेश उभा करण्याची कला. तिचा पहिला नियम सोपा वाटतो : समोरचा जे म्हणेल ते नाकारायचे नाही, ते मान्य करायचे आणि त्यात स्वतःची भर घालायची. एक जण म्हणाला की आपण बोटीत आहोत, तर दुसऱ्याने ‘कुठली बोट?’ असे विचारले की प्रवेश तिथेच बुडाला. त्याने पाणी उपसायला घेतले तर प्रवेश पुढे सरकतो. म्हणजे या शाळेत बोलण्याआधी ऐकायला शिकावे लागते. सेराचा कुठलाही चांगला प्रवेश काढून पाहावा. समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर जे चालते, तेच बहुतेक वेळा त्या प्रवेशातले सर्वांत गमतीचे असते.

कॅमेऱ्यासमोरचे पहिले काम जाहिरातीचे आणि बिनपैशाचे होते. टिम हॉर्टन्स ही कॅनडातली घरोघरी माहीत असलेली कॉफी-डोनटची साखळी. तिच्या उन्हाळी शिबिराच्या जाहिरातीत तो दिसला. मग पिल्सबरीच्या जाहिरातीत कणकेच्या त्या गुबगुबीत बाहुल्याच्या पोटात बोट खुपसायचे काम मिळाले.

त्या काळात टोरोंटोत लहान मुलांना असे काम मिळणे तुलनेने सोपे होते आणि त्याची कारणे अर्थकारणात होती. वाहिन्यांनी ठरावीक प्रमाणात देशी कार्यक्रम दाखवलेच पाहिजेत, असा कॅनडाचा नियम. त्यामुळे मुलांच्या मालिका सतत तयार होत. दुसरीकडे २००० च्या सुमारास कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या ७० सेंटांहूनही खाली होता आणि त्यात करसवलती होत्या. साहजिकच हॉलिवूडची पथके चित्रीकरणाला टोरोंटो-माँट्रियलला येत आणि छोट्या भूमिकांसाठी तिथलीच मुले घेत. सेराला दोन्हींचा लाभ झाला. १९९९ मध्ये ‘आय वॉज अ सिक्स्थ ग्रेड एलियन’ या मुलांच्या मालिकेत त्याला नियमित भूमिका मिळाली. २००० च्या ‘फ्रीक्वेन्सी’त तो छोट्या कामात आहे, तर २००२ मध्ये जॉर्ज क्लूनीने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात त्याने नायकाचे बालपण रंगवले.

याच वर्षांतले दुसरे काम सहसा दोन ओळींत उरकले जाते, पण ते जास्त महत्त्वाचे वाटते. टोरोंटोच्या नेल्वाना या अ‍ॅनिमेशन कंपनीच्या ‘रोली पोली ओली’, ‘ब्रेसफेस’ आणि ‘द बेरेन्स्टेन बेअर्स’ या मालिकांत त्याने आवाज दिले. शेवटच्या मालिकेत तो अस्वलांच्या घरातला थोरला भाऊ होता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चेहरा आणि हातवारे उपयोगाचे नसतात. घाबरणे, ओशाळणे, खोटे बोलताना अडखळणे, हे सगळे श्वासाने आणि शब्दांमधल्या फटींनी दाखवावे लागते. वाक्य अर्ध्यावर सोडून घाईघाईने दुसऱ्या वाक्यात शिरण्याची सेराची जी ढब पुढे प्रसिद्ध झाली, ती अशा कामात मुरलेल्या कानाचीच आहे.

२ नोव्हेंबर २००३ रोजी फॉक्स वाहिनीवर ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ सुरू झाली, तेव्हा सेरा १५ वर्षांचा होता. मिचेल हर्विट्झची ही मालिका कॅलिफोर्नियातल्या ब्लूथ या श्रीमंत, पण गैरव्यवहारांमुळे कोसळलेल्या कुटुंबाची. सेरा त्यातला नातू जॉर्ज मायकेल : शहाणा, कष्टाळू, समुद्रकिनाऱ्यावरच्या घरच्या ठेल्यावर गोठवलेली केळी विकणारा आणि आपल्या आतेबहिणीवरच मन जडल्यामुळे सतत अपराधी वाटून घेणारा. मोठी माणसे स्वार्थापायी वाटेल ते करत असतात आणि त्या घरात लाज वाटणारा जवळपास हा एकटाच.

नेहमीच्या विनोदी मालिकांत ध्वनिमुद्रित हशा असतो; नट विनोद टाकतो आणि हशा ओसरेपर्यंत थांबतो. इथे तो नव्हता. त्यामुळे वाक्यानंतरची शांतता नटाच्या हाती आली आणि तिचा सर्वांत चांगला उपयोग त्या घरातल्या सर्वांत लहान नटांपैकी एकाने केला. जॉर्ज मायकेलची अ‍ॅन नावाची मैत्रीण वडिलांच्या काही केल्या लक्षात राहत नाही. मुलगा तिच्याविषयी काही सांगू लागला की ते पुन्हा विचारतात : ‘ती?’ वडिलांच्या भूमिकेतला जेसन बेटमन स्वतः बालनट म्हणून वाढलेला, त्यामुळे या दोघांची लय विलक्षण जमली. मुलाला लागते, तरी तो आवाज चढवत नाही. एवढाच तो विनोद, आणि तो कितीही वेळा आला तरी शिळा झाला नाही.

मालिकेला २००४ चा सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, पण प्रेक्षकसंख्या कमीच राहिली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तीन पर्वांनंतर ती बंद पडली. पुढे नेटफ्लिक्सने २०१३ पासून तिची आणखी दोन पर्वे केली. कामाच्या धबडग्यात सेराची शाळा नववीनंतर सुटली होती. बारावीपर्यंतचे शिक्षण त्याने ऑनलाइन पूर्ण केले.

२००७ हे वर्ष त्याचे. आधी क्लार्क ड्यूक या मित्रासोबत त्याने ‘क्लार्क अँड मायकेल’ ही दहा भागांची मालिका खास इंटरनेटसाठी केली. ऑगस्टमध्ये ‘सुपरबॅड’ आला. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या व्हँकूव्हरच्या दोन मित्रांनी त्याची पटकथा शाळकरी वयातच लिहायला घेतली होती आणि नायकांना स्वतःचीच नावे दिली होती. जोना हिल हा बडबड्या सेथ, सेरा हा भिडस्त इव्हान. शिव्या आणि चावटपणा यांनी भरलेल्या या चित्रपटात एक प्रवेश आहे. अनोळखी, नशेत असलेल्या मोठ्या माणसांच्या खोलीत इव्हान अडकतो. ती माणसे त्याला भलताच कुणी समजतात आणि गा म्हणून मागे लागतात. तो विनिपेगच्या ‘द गेस हू’ या बँडचे ‘दीज आइज’ हे जुने गाणे गायला लागतो. सुटका व्हावी म्हणून गायलेले ते गाणे. पण सेरा ते वाईट गात नाही आणि माकडचेष्टाही करत नाही. भीतीने आकसलेला आवाज, त्यातही सूर सांभाळण्याची धडपड. हसू आवरत नाही आणि त्याच वेळी पोराची काळजी वाटते.

त्याच वर्षीच्या ‘जूनो’त तो पॉली ब्लीकर झाला. शाळकरी वयात गरोदर राहिलेल्या नायिकेची ही कथा. ती भूमिका हॅलिफॅक्सच्या एलियट पेजने केली. ब्लीकरला मोठी भाषणे नाहीत. तो धावतो, कपाळाला पट्टी बांधतो आणि संत्र्याच्या चवीच्या टिक टॅक गोळ्या खातो. एके दिवशी तो घराबाहेरची पत्रपेटी उघडतो, तर ती त्याच गोळ्यांच्या डब्यांनी गच्च भरलेली असते. तो काय म्हणेल याची वाट पाहावी लागत नाही, चेहऱ्यावर सगळे आलेले असते. ‘जूनो’चा दिग्दर्शक जेसन राइटमन हा ‘घोस्टबस्टर्स’च्या दिग्दर्शकाचा, आयव्हन राइटमन यांचा मुलगा. दोन वर्षांनी ‘इयर वन’मध्ये सेराने खुद्द हॅरल्ड रॅमिस यांच्या दिग्दर्शनाखाली काम केले. तो चित्रपट पडला आणि रॅमिस यांचा दिग्दर्शक म्हणून तोच शेवटचा ठरला. तरीही कांजिण्यांच्या अंथरुणातून सुरू झालेली ती वाट इथवर पोचली, ही मोठी सुखद गोष्ट आहे.

एव्हाना ‘सेरा नेहमी सेराच असतो’ अशी टीका होऊ लागली होती. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. २०१० च्या आरंभी आलेल्या ‘यूथ इन रिव्होल्ट’मध्ये त्याने एक भित्रा मुलगा आणि त्या मुलाच्या कल्पनेतला मिशीवाला, बेदरकार जोडीदार अशा दोन्ही भूमिका केल्या. त्याच वर्षीचा एडगर राइटचा ‘स्कॉट पिल्ग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड’ हा ब्रायन ली ओमॅली या ऑन्टॅरिओच्याच चित्रकथाकाराच्या मालिकेवर बेतलेला. एरवी न्यूयॉर्क किंवा शिकागो म्हणून खपवले जाणारे टोरोंटो इथे स्वतःच्या नावाने पडद्यावर आले. बर्फातले रस्ते, कासा लोमाचा वाडा, बेस गिटार वाजवणारा बेकार तरुण, सगळे तिथलेच. आणि हा स्कॉट भोळा नाही. लाजाळूपणाआड आपमतलबीपणा लपवणारा आहे. सेराने आपल्या ठरून गेलेल्या प्रतिमेचीच ही दुसरी बाजू उघडी केली. चित्रपट तिकिटबारीवर आपटला, पण नंतर त्याला निष्ठावान चाहते मिळाले.

पुढच्या कारकिर्दीत त्याने मोठ्या नायकभूमिकांचा पाठलाग केला नाही. चिलीत सेबास्तियान सिल्व्हाचे दोन छोटे चित्रपट, ब्रॉडवेवर केनेथ लोनर्गन यांची नाटके आणि त्यातल्या ‘लॉबी हीरो’साठी २०१८ मध्ये टोनी पुरस्काराचे नामांकन, ‘बार्बी’तला कुणाच्याच गणतीत नसलेला अ‍ॅलन. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘स्कॉट पिल्ग्रिम’ची अ‍ॅनिमेशन मालिका आली, तेव्हा चित्रपटातली जुनी मंडळी ध्वनिमुद्रणाला परतली. सेरा ३५ वर्षांचा झाला होता. त्याने आवाज दिलेला स्कॉट अजून विशीतच होता.