'अगेन' दाबायचं की 'हार्ड'?

अंकी या कार्डं दाखवून पाठांतर करून घेणाऱ्या ॲपवर कांजी (जपानीतली चित्राक्षरं) पाठ करताना उत्तर उघडलं की खाली चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. शेवटची दोन फारशी कुणाला छळत नाहीत. घोळ होतो तो पहिल्या दोघांत.

समजा, फोंड्याहून पणजीला निघालेल्या कदंब बसमध्ये एक मुलगी मोबाइलवर कार्डं उलटतेय. समोर आलेल्या कांजीत उजवीकडे 'देऊळ' या अर्थाचं चिन्ह आहे आणि डावीकडे दोन तिरक्या रेघा नि एक उभी, म्हणजे 'चाल'. ती मनात म्हणते, 'मोत्सु, हातात धरणे'. उत्तर निघतं 'मात्सु, वाट पाहणे'. 'अरे हो, येत होतं की मला!' असं म्हणून ती हार्ड दाबते.

येत नव्हतं. धरण्याच्या कांजीत त्याच देवळाच्या डावीकडे हात असतो. काळाच्या कांजीत सूर्य, कवितेच्या कांजीत वाणी, सामुराईच्या कांजीत माणूस. (देवळांची एवढी दाटी फोंडेकरांना तरी परकी वाटू नये.) 'घर' हा शब्द 'धर' असा वाचणाऱ्या मुलाला आपण 'वाचलंस, पण जरा कठीण गेलं' असं म्हणत नाही. इथेही तोच न्याय. चुकीचं उत्तर म्हणजे अगेन, मग ते बरोबर उत्तराच्या कितीही जवळचं असो.

हार्ड हे उत्तीर्णांचं बटण आहे. आठवायला वेळ लागला, मधे दोनदा शंका आली, पण कार्ड उलटण्याआधी उत्तर आपलं आपल्याला सापडलं, तरच ते दाबायचं.

फरक किती पडतो? कार्ड परत कधी दाखवायचं हे ठरवण्याची अंकीची जुनी पद्धत १९८७ च्या एसएम-२ या गणितावर बेतलेली आहे. तिथे दहा दिवसांच्या अंतराने आलेल्या कार्डावर हार्ड दाबलं, तर ते साधारण बारा दिवसांनी परत येतं. नव्या कार्डाचा मूळ गुणक २.५ असतो, तो टिकून असेल तर गुडवर पंचवीसेक दिवसांनी. अगेन दाबलं तर दहा मिनिटांनी आणि मग दुसऱ्या दिवशी. म्हणजे बसमधली ती मुलगी आपली चूक उद्या दुरुस्त करण्याऐवजी बारा दिवस सांभाळून ठेवणार.

२०२३ मध्ये अंकीत आलेलं एफएसआरएस हे नवं गणित चालू केलं असेल, तर नुकसान त्या एका कार्डावर थांबत नाही. ते तुमच्या जुन्या उत्तरांच्या इतिहासावरून तुमच्या विसरण्याचा वेग ताडतं आणि हार्ड म्हणजे 'आठवलं' असंच धरतं. विसरलेल्या कार्डांवर सतत हार्ड दाबत गेलात, तर तुमची स्मरणशक्ती आहे त्यापेक्षा दांडगी असल्याची त्याची समजूत होते. मग चांगली येणारी कार्डंही नको तितकी लांब जातात.

उलटी चूक, म्हणजे उशिरा पण बरोबर आठवलेल्याला अगेन देणं, मला कमी घातक वाटते. रोजची कार्डं विनाकारण वाढतात आणि कंटाळा येतो, इतकंच.

खरी पंचाईत अर्धवट उत्तरांची. अर्थ आठवला, उच्चार नाही. मग काय दाबायचं? याचं उत्तर बटणांपाशी नाही, कार्डात आहे. 'जीवन' किंवा 'जन्म' या अर्थाच्या कांजीला सेइ, शो, इकिरु, उमारेरु, नामा असे कितीतरी उच्चार आहेत. ते सगळे एका कार्डावर कोंबले, तर प्रत्येक वेळी काहीतरी निसटणार आणि अंगठा आपसूक हार्डकडे वळणार. त्यापेक्षा एका कार्डाला एकच प्रश्न ठेवा आणि उच्चार शब्दांतून शिका. कार्डाने जे विचारलं ते आलं नाही, तर अगेन.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा द्यायला पुण्याला जाणार असाल, तर हा कडकपणा तिथेच वसूल होतो. तिथे हाताने काही लिहायचं नसतं, पर्याय निवडायचे असतात, आणि खालच्या पातळ्यांवर हे पर्याय बऱ्याचदा असेच एकमेकांची भावंडं शोभणारे असतात.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं, की अंकी त्याला 'लीच' (म्हणजे जळू) ठरवतं. या भीतीने हार्डचा आडोसा घेऊ नका. लीच झालेली कांजी तिच्या जुळ्या भावंडासकट एकाच नव्या कार्डावर मांडा, आणि कुठे हात, कुठे चाल, एवढंच विचारा.