लेसर मायक्रोस्कोप: बीम जागेवर कसा आणावा
(सांगली, मिरज, कुपवाड परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी)

चित्र एका बाजूला उजळ आणि दुसरीकडे काळपट दिसतं, किंवा पॉवर वाढवूनही नमुना फिकाच राहतो. अशा वेळी लेसर गेला असं समजू नका. बहुतेकदा फक्त बीम (लेसरचा झोत) सरकलेला असतो, आणि तो तुम्हाला स्वतःलाही जागेवर आणता येतो.

आधी डोळे सांभाळा. पॉवर १ मिलिवॉटच्या खाली आणा. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. डोळे बीमच्या उंचीला येऊ देऊ नका, पडलेला स्क्रू उचलतानासुद्धा. चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा: ४८८ नॅनोमीटरचा निळा अडवणारा चष्मा ६४० चा लाल अडवेलच असं नाही.

लेसर सुरू करून अर्धा तास तापू द्या.

बीमची जागा आणि कोन, दोन्ही बरोबर लागतात. एका आरशाने दोन्ही साधत नाहीत, म्हणून वाटेत दोन आरसे आणि त्यांच्यापुढे दोन आयरिस (भोक लहान-मोठं करता येणाऱ्या झडपा) असतात. लेसरकडच्या आरशाने बीम जवळच्या आयरिसच्या मध्यावर आणा, दुसऱ्या आरशाने लांबच्या. दुसरा फिरवला की जवळच्या आयरिसवर बीम पुन्हा थोडा हलेल, ते साहजिक आहे. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, असं करत गेलं की फरक प्रत्येक फेरीला कमी होतो. तो वाढत चालला, तर आरशांची अदलाबदल झाली आहे.

इतकी बारकाई कशाला? १००एक्स ऑब्जेक्टिव्हचं (नमुन्याजवळच्या १०० पट भिंगाचं) नाभीय अंतर साधारण २ मिलिमीटर. बीमचा कोन १ मिलिरेडियनने चुकला की नमुन्यावरचा ठिपका २ मायक्रॉन सरकतो, आणि चांगल्या ऑब्जेक्टिव्हखाली ठिपकाच जेमतेम पाव मायक्रॉनचा असतो.

इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप (ऑब्जेक्टिव्ह नमुन्याच्या खाली असलेला) असेल तर ऑब्जेक्टिव्ह काढून छतावर पडलेल्या ठिपक्याभोवती खूण करा. १०एक्स लावल्यावर उजेड त्या खुणेभोवती सगळीकडे सारखा पसरला पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये सकाळी एसी लावल्या लावल्या बीम तपासू नका. खोली स्थिर होईपर्यंत आरशांचे माउंट सरकत राहतात. गळीत हंगामात प्रयोगशाळा रस्त्यालगत असेल, तर उसाच्या ट्रॉल्यांचा हादराही टेबलापर्यंत येतो. ठिपका थरथरत असेल तर आधी टेबलाचे हवेचे पाय बघा, आरशांना नंतर हात लावा.

डायक्रोइकचे (काही रंग परतवणाऱ्या, बाकीचे आरपार जाऊ देणाऱ्या आरशाचे) स्क्रू मात्र स्वतः सैल करू नका. तिथवर यायची वेळ आली, तर दोन्ही आयरिसचे फोटो काढून आम्हाला पाठवा.